साय कोणाच्या औषधानं गेली

अक्का, तुमच्या तेराव्याची जेवणं आटोपल्यावर साय मांजरीची गोष्ट निघाली आणि सगळे हसले. गोष्ट माझ्या मुलानं, समीरनं सांगितली. तो दरवेळी ती एकाच पद्धतीनं सांगतो. आमच्या आत्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच बाटली, बैलांच्या गोचिडांची, इथून सुरुवात करतो आणि आत्यानं मांजरालाही बैल समजून टाकलं, इथे संपवतो. ओसरीवर बसलेली पाहुणेमंडळी हसली. मीही हसले. मग समीर जळगावला गाडी गाठायची म्हणून निघाला आणि मी तुमच्या खोलीत जाऊन बसले.

हे मी तुम्हाला लिहिते आहे, पण वाचणार आहेत समीरची मुलं, तन्वी आणि ओजस, मेलबर्नमध्ये. म्हणून तुम्हाला माहीत असलेल्या गोष्टीही लिहाव्या लागतील. त्यांनी तुम्हाला सलग असं तीनच आठवडे पाहिलं, आणि त्यांच्या लेखी अक्काआजी म्हणजे आजोबांची थोरली बहीण, पारोळ्याजवळच्या गावात राहणारी, बैलजोडीवाली आणि औषधाच्या बाटलीवाली. बाटलीचा भाग खोटा आहे. तो खोटा आहे हे आजवर आपण दोघींनीच एकमेकींना न सांगता जपलं, असं मी परवापर्यंत समजत होते.

माझं लग्न झालं तेव्हा मला कुत्र्याची भीती वाटायची आणि गोचिडांची किळस. धुळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई, हातरुमालाला इस्त्री करणारी. तुमच्याकडे पहिल्यांदा राहायला आले तेव्हा दुपारी तुम्ही अंगणात बसला होतात, मांडीवर कुत्र्याचं डोकं, बाजूला करवंटीत मिठाचं पाणी. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, गळ्याच्या वळीत तुम्ही बोटांनी चाचपत होता आणि एकेक गोचीड मुळाशी धरून सरळ वर ओढत होता. चिरडायचा नाही, पिळायचा नाही. ओढला की पाण्यात. मी लांब उभी होते. तुम्ही मान वर न करता मला म्हणालात, "बस, सुधा. ते तुले नही चावनार, त्यासले कुत्रा बरा वाटस." मी बसले. त्या सुट्टीच्या शेवटी मीही काढायला शिकले. आज मेलबर्नला मुलांच्या कुत्र्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या पत्रकात चिमट्यानं गोचीड काढायची जी रीत छापली आहे, ती तुमचीच आहे, फक्त चिमटा जास्त.

तुमचं दुसरं एक म्हणणं होतं, की गोचीड कुत्र्यावर कमी आणि भिंतीत जास्त असतात. म्हणून पावसाळा सरला की गोठ्याच्या भिंतीच्या भेगा लिंपायच्या, चुना द्यायचा, कुत्रा निजतो ते पोतं उकळत्या पाण्यातून काढून उन्हात टाकायचं. नुसत्या औषधावर विसंबलेला माणूस महिन्यानं परत औषध मागायला येतो, असं तुम्ही गल्लीतल्या बायकांना सांगायचात. त्या येत. कोणाची शेळी, कोणाचं कुत्र्याचं पिल्लू, एकदा तर कोणी खाजणारा पोपट घेऊन आलं होतं. तुम्ही बघून सांगायचात, आणि जे कळत नाही त्याला सरळ पारोळ्याच्या डॉक्टरांकडे पिटाळायचात. हे समीरच्या गोष्टीत येत नाही.

बैलांचं औषध तुमच्याकडे होतंच. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना धुऊन, खांदे मळून झाले की बादलीभर पाण्यात टोपणानं मोजून ते औषध घालायचं आणि फडक्यानं बैलांच्या अंगाला लावायचं. उरलेल्या पाण्यात तेच फडकं बुडवून चंद्यालाही पुसायचं. चंद्या म्हणजे तुमचा कुत्रा, कपाळावर पांढरा चांद असलेला. माझा यावर आक्षेप होता. टोपणाचं माप हे माप नव्हे, असं मी म्हणायचे. बैल तीनशे-चारशे किलोचा, कुत्रा वीस किलोचा, एकाच बादलीतलं पाणी दोघांना कसं चालेल? आणि कुत्रा अंग चाटतो. हा माझा आक्षेप चुकीचा नव्हता, हे मी आजही लिहून ठेवते. गुरांचं औषध कुत्र्याला लावू नये. चंद्याला काही झालं नाही हे त्याचं नशीब होतं. या मुद्द्यावर आपला वाद तुमच्याकडून सुटला नाही आणि माझ्याकडूनही नाही.

पण मांजराला तुम्ही कधीही काहीही लावलं नाही. सायला पिसवा झाल्या की जुनी उवांची फणी घेऊन तिला विंचरायचं आणि साबणाच्या पाण्याच्या ताटलीत फणी झटकायची, एवढंच. साय हे नाव तन्वीनं ठेवलं होतं. ती डिसेंबरात आली तेव्हा पिल्लू दुधाच्या पातेल्याशी सापडलं आणि पांढरं होतं. तन्वी नऊ वर्षांची होती. परत गेल्यावर दर रविवारी फोनवर आधी सायची चौकशी, मग माझी.

त्यानंतरच्या पोळ्याला मी आदल्या दिवशीच तुमच्याकडे आले. येताना धुळ्याच्या दुकानातून चंद्यासाठी मानेवर टाकायच्या थेंबांची नळी आणली. दुकानदारानं विचारलं, कुत्रा की मांजर, वजन किती. मी सांगितलं, कुत्रा, वीस किलो. त्यानं बरोबर नळी दिली. त्याची काही चूक नाही. मी पोचेपर्यंत तुम्ही चंद्याला पुसून मोकळ्या झाला होतात. नळी दाखवल्यावर तुम्ही हसलात. "कुत्राले अत्तर लाई राहिनी का?" असं म्हणालात आणि गोठ्यात गेलात.

मी रागावले होते. एकावर एक दोन औषधं लावू नयेत एवढं मला कळत होतं, म्हणून चंद्याला ते थेंब आता टाकता येणार नव्हते. नळी वाया जाणार होती. आणि समोर साय बसली होती, मागच्या पायानं कान खाजवत. मग मी ते केलं जे तुमच्या गावात दुसरं कोणीही केलं नसतं. मी त्रैराशिक मांडलं. पंचवीस किलोपर्यंतच्या कुत्र्याला अडीच मिलिलिटर, तर मांजराला किती? सायचं वजन माहीत नव्हतं म्हणून कापूस तोलायचा काटा ओसरीवर काढला. तुम्ही गोठ्यातून बाहेर आलात, तोवर मी सायला पिशवीत घालत होते. पिशवी तुम्हीच धरलीत. पावणेतीन किलो भरली. तुम्ही म्हणालात, "मांजर दिनभर आंग चाटस, सुधा. आंगले लावशी ते पोटमा जाई."

मी तुम्हाला समजावून सांगितलं की मानेच्या मागे टाकलं की तिची जीभ तिथे पोचत नाही, आणि मी हिशेबानं मोजून टाकते आहे, टोपणानं नाही. "टोपणानं नाही" हे शब्द मी मुद्दाम म्हटले. हिशेबानं पाव मिलिलिटर आलं. कमी पडायला नको म्हणून मी सुई काढलेल्या सिरिंजनं अर्धा मिलिलिटर घेतलं. खोक्यावर बारीक अक्षरात इंग्रजीत काय लिहिलं आहे ते मी वाचलं होतं, म्हणजे वजनाचा तक्ता वाचला होता. तक्त्याखाली मांजराच्या चित्रावर काट मारलेली होती. चित्राकडे मी लक्ष दिलं नाही. मला वाचता येत होतं, मग चित्रं कशाला बघायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरण शिजत असताना सायचे कान फडफडायला लागले. मग पाठीच्या कातडीवरून लाटा गेल्यासारखं झालं, लाळ सुटली, आणि पाय उभे राहीनात. तुम्ही पुरणाचं पातेलं उतरवून ठेवलंत, तिला टॉवेलात गुंडाळलंत आणि आपण रिक्षा करून पारोळ्याला गेलो. सणाचा दिवस, सरकारी दवाखाना बंद. एका डॉक्टरांनी घरूनच येऊन आपला दवाखाना उघडला.

त्यांनी विचारलं, हिच्या अंगाला काही लावलं का.

तुम्ही म्हणालात, "मी मांजरले काईच लावं नही."

मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की काल घरात बैलांना गोचिडांचं औषध लावलं, कुत्र्यालाही तेच पुसलं, आणि ही मांजर कुत्र्याला चिकटून झोपते. औषधाचं नाव मी नीट, स्पष्ट उच्चारून सांगितलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. पुन्हा विचारलं, "आणखी काही?" मी म्हटलं, "नाही."

त्या वेळी थेंबांची गोष्ट मला सुचली नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. सुचली होती. सिरिंज डोळ्यांसमोर होती. पण महागाचं, दुकानातलं, इंग्रजीत माहिती छापलेलं औषध बाधेल आणि बादलीतलं बाधणार नाही, हे मला खरं वाटेना, आणि वाटलं असतं तरी तुमच्यासमोर म्हणवलं नसतं. तुम्ही शेजारी उभ्या होता. स्वतःपुरतं बोलून झालं होतं तुमचं. पुढचं एक वाक्य तुम्हाला बोलता आलं असतं. हिनं लावलं. तुम्ही ते बोलला नाहीत. डॉक्टरांनी दोन बायकांपैकी जी शुद्ध बोलत होती तिच्यावर विश्वास ठेवला आणि त्याप्रमाणे इंजेक्शनं दिली.

साय दुपारी गेली. संध्याकाळी बैल मिरवून दाराशी आले. तुम्ही त्यांना ओवाळलंत, पुरणपोळी भरवलीत. मी ताट धरून मागे उभी होते.

रविवारी फोनवर तन्वीनं विचारलं तेव्हा मी तिला तेच सांगितलं जे डॉक्टरांना सांगितलं होतं. अक्काआजीनं बैलांचं औषध लावलं, ते कुत्र्याच्या अंगावरून सायला बाधलं. ती रडली. नंतर आठ महिने ती तुमच्याशी फोनवर बोलली नाही. मी तुमच्याकडे आलेली असताना फोन आला की ती ओजसला पुढे करायची. तुम्ही एकदा मला विचारलंत, "पोर बोलत नही मनासंगे. काय व्हयनं?" मी म्हटलं, अभ्यास फार असतो हल्ली. तुम्ही मान हलवलीत. पुढे तिचा राग गेला, पण गोष्ट राहिली, आणि मुलांच्या गोष्टी जशा घडत जातात तशी ती घडत गेली. कुत्र्याच्या अंगावरून हा भाग गळाला. तुम्ही बाटली घेऊन मांजराच्या मागे लागलेल्या आहात, असं ओजसनं एक चित्रही काढलं. ते समीरच्या फ्रिजवर होतं.

पोळ्यानंतर महिन्याभरानं मी धुळ्यातल्या एका पशुवैद्यांकडे गेले. ओळखीच्यांच्या मांजरीचं म्हणून विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या त्रैराशिकापाशी थांबले. म्हणाले, "बाई, मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे." कुत्र्यांच्या काही थेंबांत जे द्रव्य असतं ते मांजराच्या यकृताला मोडताच येत नाही. डोस कमी करून ते सुरक्षित होत नाही. म्हणजे तुम्ही दिलेलं कारण अर्धं बरोबर होतं, अक्का, कारण जीभ पोचली नाही तरी ते कातडीतूनही आत जातं. पण तुमचा निर्णय पूर्ण बरोबर होता. मी विचारलं, वाचली असती का. ते म्हणाले, कळल्याबरोबर भांडी घासायच्या साबणानं ते धुऊन काढायचं आणि पाकीट घेऊन तडक डॉक्टरांकडे यायचं. पुष्कळ मांजरं वाचतात. पाकीट आणलं असतं तर काय करायचं ते डॉक्टरांना तिथल्या तिथे कळलं असतं.

हे मी लिहून घेतलं. तारखेसकट, वहीत. तुम्हाला सांगितलं नाही. दोन-तीनदा सांगायला आले होते. एकदा तुम्ही शेंगा फोडत होता, मी शेजारी बसून फोडू लागले आणि सुरुवातही केली, "अक्का, त्या सायचं," एवढं. तुम्ही म्हणालात, ऱ्हाऊ दे. ते मला इतकं सोयीचं पडलं की मी खरंच राहू दिलं.

त्या पोळ्यानंतर तुम्ही गल्लीतल्या बायकांना औषधाबद्दल सांगणं बंद केलंत. कोणी जनावर घेऊन आलं तर म्हणायचात, माले काय समजस, डॉक्टरले दखाडा. बायका येईनाशा झाल्या. मला वाटलं, वय झालं. मी तसं घरात बोललेही. एका मांजरीपेक्षा मला ह्याचं जास्त वाईट वाटतं, आणि ते मला आता, तुम्ही गेल्यावर, लिहिताना कळतं आहे.

तुम्ही गेल्याचं कळवल्यावर तन्वीनं घरच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं की अक्काआजीची खूप आठवण येते, आणि त्याखाली, की आमच्याकडे आता तीन महिन्यांचं मांजराचं पिल्लू आलंय आणि कुत्रा आहेच, तर आजी, अक्काआजीचं औषध मात्र पाठवू नकोस. पुढे हसरा चेहरा. ती आता पंधरा वर्षांची आहे. तिनं ते प्रेमानं लिहिलं होतं.

तर तन्वी, हे तुझ्यासाठी. मांजराचं औषध मांजरासाठीच छापलेलं घ्यायचं, आणि पिल्लाचं वय आणि वजन डॉक्टरांना सांगून घ्यायचं, कारण लहान पिल्लांना काही औषधं चालतच नाहीत. कुत्र्याचं औषध वाटून मांजराला द्यायचं नाही, कितीही बारीक मोजता येत असलं तरी. कुत्र्यासाठी घेतानाही घरात मांजर आहे हे आधी सांगायचं, म्हणजे ते मांजराला न बाधणारं काही सुचवतील. आणि एखादं बाधणारं लावावंच लागलं तर डॉक्टर म्हणतील तितके दिवस दोघांना वेगळं निजवायचं. खोक्यावरची चित्रं बघायची. खोकं टाकून द्यायचं नाही. कान फडफडले किंवा कातडी थरथरली, तर वाट न बघता जायचं आणि काय लावलं ते सगळं सांगायचं. कोणी लावलं तेसुद्धा. आणि अंथरुणं गरम पाण्यात धुवायची, फणी वापरायची. हे शेवटचं अक्काआजीचं औषध आहे. तिचं दुसरं कुठलंही औषध सायच्या अंगाला लागलं नव्हतं. जे लागलं ते मी लावलं.

आता तेराव्याच्या दुपारचं राहिलं.

मी तुमच्या खोलीत बसले होते तेव्हा शेजारची रेखा आली. तुमच्या समोरच्या घरातली सून, अक्का, तुमच्या आजारपणात रोज भाकरी टाकून जायची ती. तिच्या हातात एक खोकं होतं. तिच्या मुलानं जळगावहून कुत्र्यासाठी आणलेलं, तेच, मानेवर टाकायचे थेंब. घरात मांजरही आहे, तिलाही पिसवा झाल्यात, तर दोघांना चालेल का, असं ती विचारत होती. ती म्हणाली, आधी आम्ही अक्काला विचारायचो, मग अक्का म्हणायला लागल्या की वाचायचं असेल तर धुळ्याच्या मामीला विचारा, तिनं ह्याच्यातलं सगळं वाचलेलं आहे.

मी खोकं हातात घेतलं. वजनाच्या तक्त्याखाली मांजराचं चित्र होतं, त्यावर काट. मी तिला ते बोटानं दाखवलं. मांजराला लावू नको, आणि कुत्र्याला लावायच्या आधी डॉक्टरांना विचार, म्हटलं. मग म्हटलं, "रेखा, साय ह्यानंच गेली. मी लावलं होतं. अक्कांनी नाही."

रेखानं खोकं परत घेतलं. मग म्हणाली, "माहीत शे, मामी. तुम्ही तिले काटावर तोली राहिंतात, तवय मी आठेच उभी." ती तेव्हा इथेच उभी होती, आणि गल्लीतल्या बायकांनाही माहीत होतं. मी विचारलं, मग इतक्या वर्षांत कोणी बोललं कसं नाही. मी येत होते, जात होते, ओसरीवर बसून ती गोष्ट सांगत होते.

"अक्कानी सांगेल व्हतं," रेखा म्हणाली. "मामीसमोर हाई गोट काढू नका. तिले नातंडासनं तोंड देखनं शे."

नातवंडांचं तोंड मला बघायचं आहे, म्हणून. तुमच्याकडे ती तीन आठवडे आली होती. तुम्हालाही बघायचं होतं, अक्का.

हे सगळं मी काल टाइप करून तन्वीला पाठवलं. समीरलाही, आणि त्याला वेगळं लिहिलं की तुझी गोष्ट आता बंद. त्याचं उत्तर आलं, एका शब्दाचं, "बरं." तन्वीनं वाचलं आहे, तसं फोनवर दिसतं. उत्तर नाही. तुमच्याशी ती आठ महिने बोलली नव्हती, माझ्याशी त्याहून जास्त काळ बोलली नाही तर ते हिशेबाला धरून होईल. परवा रविवार आहे. मी नेहमीच्या वेळी फोनपाशी बसणार आहे, आणि आला नाही तर पुढच्या रविवारीही.